घरातली बातमी कोण फोडतं

खोली रिकामी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं, हा घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. नाव नंतर, गाव नंतर, आणि भाडं तर सगळ्यात शेवटी. मी खरं ते सांगून टाकलं, की कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर कळलं. त्यांनी डोळे बारीक केले. खोली भाड्यानं द्यायची हे त्यांनी आदल्या संध्याकाळी, दार लावून, फक्त बायकोशी बोलून ठरवलं होतं म्हणे. मग ते ठेल्यावर गेलं कसं? हे विचारताना त्यांचा आवाज असा काही लागला होता की समोरच्या गच्चीवर दोरीवरचे कपडे काढणारी बाई हातातली चादर तशीच धरून आमच्याकडे बघत राहिली. मला उत्तर तिथल्या तिथं मिळालं. पण मला खोली हवी होती, म्हणून मी गप्प बसलो.

ही दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. मी वर्ध्याकडचा, गोंदियातल्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायला नवीनच लागलेला. खोली मुर्रीत होती, जिथं शहर संपतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात तिथं. घरमालकांना मी काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. ते मला मास्तर म्हणायचे. घरात ते दोघं पोवारी बोलत, माझ्याशी झाडीपट्टीतली मराठी, आणि राग आला की काका हिंदीत शिरत. मी इथं माझ्या कानाला जसं कळलं तसं लिहितो आहे. चूकभूल त्यांनी पोटात घालावी.

काकांचं वर्णन दोन शब्दांत करायचं तर संशय आणि आवाज. तरुणपणी दहा-बारा वर्षं ते चुलतभावाच्या राइस मिलमध्ये मशीनशेजारी उभे होते. तिथं माणसाला माणसाचं ऐकू जायचं तर ओरडावंच लागे. पुढे मिल विकली गेली, काका शेतीकडे वळले, आवाज मात्र मिलमधलाच राहिला. ते ‘चहा ठेव’ म्हणाले की दोन घरं सोडून राहणाऱ्या पाहुण्याला वाटे, आपल्यालाच चहा येतो आहे. आणि गंमत अशी की त्यांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता. ते मनापासून समजत की आपण हळू बोलतो. कोणी चुकून ‘जरा हळू’ म्हटलंच तर ते त्या माणसाला आठवडाभर निरखत राहत, की माझं तोंड बंद करून याला काय मिळणार आहे. त्यामुळे तसं म्हणायची पद्धतच गल्लीतून उठून गेली होती.

गुपित सांगायचा त्यांचा एक विधी होता. आधी हाताला धरून आत न्यायचं. दार लावायचं, खिडकी लावायची, पडदा ओढायचा. मग वाकून खाटेखाली बघायचं. खाटेखाली आजवर काकूंच्या लोणच्याच्या बरणीखेरीज काही सापडलं नव्हतं, पण बघायचं ते बघायचंच. मग गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, मान पुढे काढायची आणि सगळ्या मुर्रीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, “मास्तर, कोनाले सांगू नोका.”

यातून जे व्हायचं ते होत होतं. त्यांनी बोअर मारायचं ठरवलं तेव्हा कोणाला कळू नये म्हणून काकूंशी बोलताना बोअरला ‘मावशी’ म्हणायचं ठरलं. हा संकेत त्यांनी काकूंना तीनदा समजावून सांगितला, दार लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं मला हसत विचारलं, मावशी कधी येणार. काकांनी तो दूधवाला बदलला. त्याच्यानंतरचाही बदलला. तिसऱ्याला ते फाटकाबाहेरच थांबवत, भांडं बाहेर ठेवत, आणि तरीही त्याला घरातलं सगळं माहीत असे. “शक करते तोच वाचते,” हे त्यांचं वाक्य. शक करूनही आपण का वाचत नाही, हे कोडं मात्र त्यांना सुटत नव्हतं.

एकदा त्यांनी फितूर पकडण्यासाठी सापळा लावला. हा सापळा त्यांनी मला पुढे मोठ्या अभिमानानं सांगितला. तीन माणसांवर त्यांचा संशय होता, शेजारचा, न्हावी आणि काकूंचा भाऊ. तिघांना वेगवेगळ्या दिवशी घरी बोलावलं, दार लावलं, खाटेखाली बघितलं आणि तिघांना तीन वेगवेगळ्या खोट्या बातम्या दिल्या. जी बातमी बाहेर फुटेल तो चोर. आठवडाभरात तिन्ही बातम्या फिरून त्यांच्याकडे परत आल्या. दुसरा कोणी असता तर त्याच्या डोक्यात थोडा तरी उजेड पडला असता. काकांचा निष्कर्ष असा, की तिघंही फुटलेले आहेत. त्यांनी तिघांशीही बोलणं टाकलं, आणि न्हाव्यावाचून दाढी वाढली तीही सहन केली.

अशा घरात राहिलं की संशयाची लागण होतेच. दोन-तीन महिन्यांत मीही ठेल्यावर पान खाताना पाठ भिंतीला लावून उभा राहू लागलो. शाळेत मुख्याध्यापकांबद्दल काही बोलायचं तर आधी दाराबाहेर डोकावू लागलो. एका सहकाऱ्यानं मला विचारलं, तुमचा घसा बसलाय का, इतकं काय कुजबुजता? मी त्याच्याकडेही संशयानं बघितलं. हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं. काकूंनी एका दुपारी जे सांगितलं ते मात्र तसं नव्हतं.

माझी खोली त्यांच्या मुलीची होती. काकूंनी हे सांगितलं तेव्हा त्या माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होत्या, आणि बोलताना आत बघत नव्हत्या. मुलगी नर्सिंग शिकत होती तेव्हा तिला एक स्थळ आलं. मुलाची आत्या याच गल्लीत, चार घरं सोडून. मुलगा बघून आल्यावर त्या संध्याकाळी काकांनी दार-खिडकी लावून काकूंना आपलं खरं मत सांगितलं, की पोरगा मंद दिसते, पन घर चांगला आहे, पोरगी सांभाळून घेईन. दुसऱ्या दिवशी तिकडून निरोप आला, आमचा मंद पोरगा आमच्याच घरी बरा.

काकांच्या लेखी ते वाक्य ऐकणारी माणसं दोनच, काकू आणि आतल्या खोलीतली मुलगी. काकूंवर संशय घेऊन झाला. मग उरली मुलगी. तिला लग्न नको आहे, शिकायचं आहे, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे हेतूही सापडला. ती रडून रडून सांगत होती की मी काही बोलले नाही, बाबा, तुमीच मोठ्यानं बोलले असान. हे त्यांना उलट उत्तर वाटलं. ते तिला अंगणात उभं राहून घरभेदी म्हणाले. त्यांच्या आवाजात म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन मावशीकडे गेली, तिथून शिकली, आणि आता सालेकसा तालुक्यात, कचारगडाच्या अलीकडच्या एका गावी नर्स होती. बसनं फार तर दोन तासांचं अंतर. पाच वर्षांत ती घरी आली नव्हती, आणि बापाशी एक शब्द बोलली नव्हती.

मला राग आला. काकांचा आला, काकूंचा आला, सगळ्या गल्लीचा आला. पाच वर्षं इतक्या माणसांना खरं माहीत होतं आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं. मग लक्षात आलं की मीही त्यातच आहे. मीही खोलीसाठीच गप्प बसलो होतो.

काकूंना मुलीशी बोलायचं असे तेव्हा त्या पूर्वी बाजाराच्या निमित्तानं पीसीओवर जात. मी आल्यावर माझा मोबाइल कामाला आला. माझी शाळा सकाळची. दुपारी काका बांधीकडे गेले की काकू माझ्याकडे येत, मी नंबर लावून देत असे. माझ्या फोनचा आवाज खरखर करायचा, म्हणून मी त्यांना इअरफोन द्यायचो. रबरी बोळ्यांचे, कानात घट्ट बसणारे, तेव्हा नवीनच निघालेले. ते घातले की काकूंचा आधीच बारीक असलेला आवाज आणखी बारीक होई. आपण फार मोठ्यानं बोलतो आहोत असं वाटून त्या दचकत आणि माझ्याकडे बघत. मी मान हलवून सांगायचो, बोला, काही ऐकू जात नाही.

एके दिवशी काका लवकर परतले. काकूंनी घाईघाईत फोन माझ्या हाती कोंबला आणि इअरफोन तांदळाच्या सुपात टाकले. ते संध्याकाळी काकांना सापडले. काका वायर टोकाला धरून, विंचू धरावा तसे, माझ्या खोलीत आले. मागून काकू, चेहरा पांढरा. मी म्हटलं, माझेच आहेत, विसरलो असेन. त्यांचा विश्वास बसला नाही. घरात कोणीतरी आपलं बोलणं टिपून घेतं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा संशय होता, आणि आज यंत्र हाती लागलं होतं.

त्यांनी दार लावलं. खिडकी लावली. मग दोन्ही बोळे कानांत खुपसले, आत काय भरलंय ते ऐकायला. काहीच ऐकू येईना. ते म्हणाले, “काय आहे यात?”

आणि दचकून खाटेवर बसले. पुन्हा म्हणाले, “कोन आहे?” पुन्हा दचकले. मग बोट रोखून मला म्हणाले की यात माझाच आवाज आहे, मी जे बोलतो तेच हा बोलून रायला, आणि माझ्याहून मोठ्यानं. कधीपासून माझं बोलनं भरून रायले, मास्तर?

मी वायरचं दुसरं टोक त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, ओढून बघितलं, आणि म्हणाले, आवाज तर अजूनही येतो. मी बोळे काढायला लावले आणि कानात बोटं घालायला सांगितलं. त्यांनी बोटं घातली, ‘राम राम’ म्हणाले, आणि बोटं काढून बोटांकडे बघत राहिले. मग मी वर्गात सांगतो तसं सांगितलं, की कान बंद केला की बाहेरचं थांबतं, पण आपला आवाज हाडांतून आतच्या आत येतो आणि कोंडून मोठा वाटतो. सगळ्यांना असंच होतं.

इथं मी थांबलो असतो तर चाललं असतं. पण माझ्यावर हेरगिरीचा आळ आला होता आणि माझं डोकं फिरलेलं होतं. त्यांनी विचारलं की मग एरवी माझा आवाज बाहेर एवढाच जाते का? मी म्हटलं, एवढा नाही काका, याच्याहून जास्त जातो.

खरं सांगायचं तर ते मी सत्यासाठी म्हटलं नाही. टोचावं म्हणून म्हटलं. काकू हळूच भिंतीला टेकल्या. मला वाटलं, आता काका खोली खाली करायला सांगतील. पण संशयी माणसाचं एक बरं असतं, तो पुरावा मागतो. ते म्हणाले, “तुमी ठेल्यावर जा. मी घरात बोलतो. जे आयकू येईन ते लिहून आना. अंदाजानं लिहू नोका.”

मी वही घेऊन ठेल्यावर गेलो. घरापासून साठ-सत्तर पावलं. दार बंद, खिडकी बंद. ठेलेवाला कात लावत होता, दोघं-तिघं उभे होते. थोड्या वेळानं काकांचा आवाज आला. मला अंदाज बांधता येऊ नये म्हणून ते काहीच्या काही बोलत होते. बैलाचं शिंग. मामाच्या लग्नात भात करपला होता. एरंडाचं तेल. मी लिहीत होतो. उभ्या माणसांपैकी कोणी मानही वळवली नाही, त्यांना ते रोजचंच होतं. मग मध्येच, इतर वाक्यांसारखंच, आलं, “पोरगा मंद दिसते, पन घर चांगला आहे.”

माझा हात थांबला. ठेलेवाल्याचाही थांबला. तो म्हणाला, “ये वाला तो पुराना है, मास्टरजी. पाँच साल पहले यहीं खड़े सुना था.”

मी विचारलं, आणखी कोणी होतं का. तो म्हणाला, लड़के की बुआ खड़ी थी, बिस्किट लेने आई थी. मग काकांना कोणीच कधी सांगितलं का नाही, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यानं पान दुमडलं, लवंग टोचली आणि म्हणाला, “बोलते तो शक हम पे ही करते ना.”

घरी जाऊन मी वही काकांच्या हाती दिली. ते चष्मा लावून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचू लागले. बैलाचं शिंग. मामाचं लग्न. तेल. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मी ठेलेवाला काय म्हणाला तेही सांगितलं, आत्या तिथं उभी होती तेही. मला वाटलं होतं, आता ते ठेलेवाल्यावर संशय घेतील, माझ्यावर घेतील, वहीवर घेतील. त्यांनी कोणावरच घेतला नाही. फक्त म्हणाले, “पोरगी सांगत होती.”

त्या रात्री घरातून आवाज आला नाही. मला झोप लागली नाही, कारण सवय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी माझे इअरफोन मागून घेतले आणि दिवसभर कानात घालून हिंडू लागले. टोक सदऱ्याच्या खिशात, कशालाही न जोडलेलं. बोलताना आपलाच आवाज आत घुमला की ते दचकत, आवाज उतरवत, आणखी उतरवत, शेवटी ओठ नुसते हलताहेत असं वाटे. मी त्यांना दोनदा सांगितलं की काका, हे खरं माप नव्हे, कान बंद असले की जास्तच वाटतं. ते म्हणाले, “जास्त वाटू द्या.” दुसऱ्याचं बोलणं मात्र त्यांना आता नीट ऐकू येत नव्हतं, त्याची त्यांना फिकीर नव्हती. इतकी वर्षं सगळ्यांचं ऐकून शहाणपण आलं नाही, थोडे दिवस स्वतःचं ऐकतो, म्हणाले.

यानं सगळे घाबरले. काकूंना वाटलं, यांना काही झालंय, त्या त्यांच्या कपाळाला हात लावून बघत. गल्लीला तर घोरच लागला. पंधरा दिवस त्या घरातून एक बातमी नाही. जमीन विकताहेत, कोर्टात काही चाललंय, नक्की काहीतरी शिजतंय. शेजारच्यानं मला आडून आडून विचारलं. तिसरा दूधवाला आता भांडं घ्यायला फाटकाबाहेर उगाच रेंगाळे. जोवर सगळं ऐकू येत होतं तोवर कोणाला त्यांच्यावर संशय नव्हता. माणूस हळू बोलायला लागला आणि सगळ्या मुर्रीचा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, काका माझ्या खोलीत आले. दार लावलं नाही. म्हणाले, तिचा नंबर कोनापाशी आहे का? मी काकूंकडे बघितलं. काकूंनी क्षणभर पदराशी चाळा केला आणि दहाही आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. हा नंबर तुला कुठून मिळाला, कधीपासून आहे, कोणी दिला, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत येऊन गेलं. त्यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. मला त्या वेळी ते फार आवडले.

मी नंबर लावला आणि इअरफोनचं टोक फोनला जोडून दिलं. तिनं उचलला. काका इतक्या खालच्या आवाजात बोलले की मला खाटेच्या या टोकाला धड ऐकू आलं नाही. तिनं विचारलं असावं, कोण. ते म्हणाले, मी. मग म्हणाले, बाबा. आणि मग कानातले बोळे काढून माझ्याकडे बघू लागले. तिनं फोन ठेवला होता.

मिनिटभरात तिचाच फोन आला. तो मी एक बोळा कानाला लावून घेतला. ती चिडलेली होती. म्हणाली, मास्तर, आईले बरं वाटावं म्हनून असे नाटक करू नका. माझे बाबा असे बोलत नाहीत. मी तिला सांगितलं की तेच आहेत, समोर बसले आहेत. तिला पटेना. आवाज तसा नाही, आणि बाबा फोन करते हेही पटत नाही. कोणी करायला लावलं, कशासाठी, आईची तब्येत बरी आहे ना? एकामागून एक प्रश्न. मी काकांना खूण केली, की एकदा तुमच्या मूळच्या आवाजात बोला, लगेच ओळखेल. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. ते म्हणाले, “मोठ्यानं बोललो तं गल्ली आयकन. हे फक्त तिले सांगाचं आहे.”

त्यांनी बोळे पुन्हा कानात बसवले, डोळे मिटले आणि अगदी हळू सांगितलं. त्या संध्याकाळी मीच बोललो, ठेल्यावर आयकू गेलं, तुझ्या तोंडून काही गेलं नाही. मले माफ कर, बाई. एका दमात नाही सांगता आलं, मध्ये दोनदा थांबावं लागलं. काकू खाली बसून दोन्ही हातांनी तोंड धरून होत्या. पाच वर्षं त्या या वाक्याची वाट बघत होत्या, आणि आता ते त्यांच्या पुढ्यात बोललं जात होतं.

तिकडून ती काय म्हणाली ते तिनंच मला पुढे सांगितलं. ती म्हणाली, “मले घरभेदी म्हनलं तवा आंगनात उभे होते तुमी. साऱ्या गल्लीनं आयकलं. आता कानात सांगून रायले?”

आम्हाला दिसलं ते इतकंच, की काकांनी डोळे उघडले. कानातले बोळे एकेक करून काढले आणि वायर फोनमधून उपटून खाटेवर टाकली. मी घाईनं फोनचा स्पीकर चालू केला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि चपला न घालता बाहेर पडले. मी आणि काकू मागोमाग.

ठेल्यावर नेहमीची पाच-सहा माणसं होती. काका गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. फोन त्यांनी छातीशी धरला होता. पंधरा दिवस उतरवून ठेवलेला तो आवाज त्यांनी सगळाच्या सगळा बाहेर काढला.

“आयका हो सारे. माझ्या पोरीनं कोनाले काही सांगतलं नवतं. मीच बोंबललो होतो. घरभेदी मी आहो. पोरगी खरी होती.”

गच्चीवरची बाई कठड्याशी आली. शेजारचा बनियनवर बाहेर आला. ठेल्यावर एक जण हसला, त्याला ठेलेवाल्यानं हातानं गप्प केलं. चार घरं सोडून मुलाची आत्या दारात येऊन उभी राहिली होती, तिच्याकडे तोंड करून काकांनी शेवटचं वाक्य परत म्हटलं. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, कारण त्यांनी जे सांगितलं ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला पाच वर्षांपासून माहीत होतं.

काकांनी फोन तोंडासमोर धरला. दम लागला होता. विचारलं, “आयकलं का, बाई?”

काकूंना वाटलं, फोन कट झाला. मग ती म्हणाली, “आनखी एकदा म्हना.”

काकांनी फोन काकूंच्या हातात दिला, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि परत गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.